पाच बोटांच्या डोंगरापलीकडचं घर

सायप्रसला आम्ही तिघं जाणार होतो. निघायच्या आठवड्यात मिलिंदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डब्लिनजवळच्या लिक्सलिपमधल्या कारखान्यात ऐन वेळी काम वाढलं आणि त्याची रजा बारगळली. तिकिटं आणि व्हिसे हातात घेऊन उरलो कोण, तर मी आणि माझ्या सासूबाई. ओंगार या डब्लिनच्या उपनगरातल्या आमच्या शेजारणीला, ब्रीजला, हे कळलं तेव्हा ती कचऱ्याचा डबा ओढत होती. ती थांबली. "तू आणि सासू? दोघीच? आठवडाभर?" मी मान हलवली. "मग काय, ग्रेट क्रॅक होणार," ती म्हणाली. क्रॅक म्हणजे आयरिश लोकांची गप्पाटप्पांची धमाल. ब्रीजच्या चेहऱ्यावर मात्र धमालीचा मागमूस नव्हता.

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या मोर्शीच्या, अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्यांच्या मुलखातल्या. सासरे गेल्यापासून तिथे एकट्या राहतात. मिलिंद त्यांना दरवर्षी आयर्लंडला बोलावतो आणि आल्या की "आता इथेच राहा" म्हणून मागे लागतो. त्या "पाहू" म्हणतात आणि परतीची तारीख जवळ येण्याआधीच बॅग भरून ठेवतात. २००६ साली त्यांनी हिवाळा बघायचं मनावर घेतलं, जानेवारीत आल्या आणि फेब्रुवारीभर रेडिएटरला पाठ लावून बसल्या. त्यांना कुठेतरी ऊन दाखवावं म्हणून आम्ही मार्चमधल्या सेंट पॅट्रिकच्या सुट्टीला जोडून सायप्रस काढलं. डब्लिनची माणसं उन्हासाठी तिथेच धावतात. एक छोटं बेट, निळा समुद्र, जुनीपुराणी देवळं, आणि मधोमध एक रेघ मारलेली: उत्तरेला तुर्की, दक्षिणेला ग्रीक. रेघेचं आम्ही फारसं मनावर घेतलं नव्हतं.

आईंना इंग्रजीतला एकच शब्द येत होता, तोही आयरिश धाटणीचा: ग्रँड, म्हणजे छान, सगळं ठीक. एअरपोर्टवर सुरक्षातपासणीवाल्याने त्यांच्या पिशवीतला चिवड्याचा डबा उघडून नाकाला लावला तेव्हा त्यांनी तो शब्द वापरला आणि डबा सुटला.

लार्नाका

लार्नाकाच्या कडेला, मिठागराच्या तळ्याजवळ, एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. घर मारूला आणि अँड्रियास या जोडप्याचं. मारूला साठीची, गोल चेहऱ्याची, बोलताना ॲप्रनला हात पुसत राहणारी. अँड्रियास उंच, सुकलेला. उमेदीची सगळी वर्षं ब्रिटिशांच्या लष्करी तळावर इलेक्ट्रिशियन होता, त्यामुळे इंग्रजी फाडफाड बोलायचा आणि मला पहिल्याच मिनिटापासून "माय डिअर" म्हणायला लागला.

पहिल्या संध्याकाळी मी जरा घाबरत मारूलाला सांगितलं, आई मांस खात नाहीत, मासे नाहीत, अंडी नाहीत. डब्लिनमध्ये हे सांगितलं की समोर उकडलेला बटाटा येतो. मारूलाचा चेहरा उजळला. "म्हणजे उपास." त्यांचा ईस्टरच्या आधीचा लांबलचक उपास चालू होता, घरात मांस, मासे, दूध, अंडी सगळं बंद. आईंना परदेशात पहिल्यांदाच कुणी शहाणं माणूस भेटलं. मग ताट आलं. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, लिंबू पिळलेले काबुली चणे आणि पाव. आई बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या.

"उपासाले भात? आन हे हरभरे? हा कायचा उपास वो, बाप्पा."

मी भाषांतर केलं नाही. आईंनी एक सुरळी उचलून खाल्ली, मग दुसरी. "अळूवडीची बहीन हाय," असा निकाल दिला आणि बशी पुसून काढली.

सकाळी ती बशी परत द्यायची होती. मी धुऊन खाली न्यायला निघाले, तर आईंनी जिन्यातच अडवलं. रिकामं भांडं परत देतात का कधी? त्यांनी चिवड्याचा डबा उघडला, बशी भरली आणि मग मला जायला परवानगी मिळाली. मारूला चिवड्याकडे बघून हसली आणि एका शब्दाची चौकशी न करता समजली. दुपारी ती बशी ऑलिव्ह घेऊन वर आली. संध्याकाळी शंकरपाळे घेऊन खाली गेली. आठवडाभर हा व्यवहार चालू राहिला. अँड्रियासला चिवडा इतका आवडला की तो व्हरांड्यात बसून शेंगदाणे वेचून आधी खायचा, अगदी मिलिंदसारखा.

समुद्राचंही सांगायला हवं, कारण त्यासाठीच तर गेलो होतो. मार्चमध्ये पाणी अजून गार असतं, किनाऱ्यावर गर्दी नसते. ताडांच्या रांगेखाली म्हातारे लोक पट मांडून खेळत बसलेले. आईंनी बूट-मोजे माझ्या हातात दिले, लुगड्याचा काठ खोचला आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. चिमूटभर पाणी जिभेला लावून पाहिलं. "आपल्यापेक्षा खारट." मोर्शीपासून समुद्र किती लांब आहे ते मला ठाऊक होतं, पण मी वाद घातला नाही. मिठागराच्या तळ्यात रोहित पक्षी उतरले होते, पलीकडे एका जुन्या मशिदीचा घुमट होता, आणि ऊन असं की दोन महिने आखडलेले माझे खांदे पहिल्यांदा खाली आले.

खिरोकितिया

अँड्रियासने आम्हाला एका सकाळी स्वतःच्या गाडीतून खिरोकितियाला नेलं. टेकडीच्या उतारावर आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे, म्हणजे आता दगडांची गोल कडी उरली आहेत. पायथ्याशी काही घरं पूर्वी होती तशी बांधून दाखवली आहेत: मातीची, बुटकी, कणगीसारखी गोल. मी पाटी वाचून आईंना सांगत होते. माणूस मेला की ही मंडळी त्याला लांब नेत नसत. घरातच जमिनीखाली पुरत आणि वर पुन्हा राहायला लागत.

"घरातच?"

"हो. चुलीशेजारी, अंथरुणाखाली."

आई त्या बुटक्या दारातून आत वाकून बघत होत्या. "मंग घर सोडून जातीन कसे?" त्या म्हणाल्या.

अँड्रियासने विचारलं, त्या काय म्हणतात? मी सांगितलं. इतका वेळ तो उत्साहाने दगड दाखवत होता; आता तो "ऊन वाढलं" म्हणून गाडीकडे चालायला लागला. परतीच्या वाटेवर एकदाही "माय डिअर" म्हणाला नाही. मला वाटलं आमचं काही चुकलं, पण काय ते कळेना.

ते दुपारी मारूलाकडून कळलं. ती ओट्याशी बसून द्राक्षाची पानं वळत होती, आई तिच्याशेजारी बसून तिच्याहून घट्ट सुरळ्या वळत होत्या, आणि मी दोघींमधला दुभाषा. मारूलाने खिडकीतून उत्तरेकडे हात केला. तिचं सासर तिकडे, डोंगरापलीकडे, उत्तरेत. चौऱ्याहत्तर साली तुर्की सैन्य उतरलं तेव्हा गाव रिकामं व्हायला लागलं. अँड्रियासने शेजाऱ्याची गाडी आणली, मुलं कोंबली. त्याची आई मात्र उंबरठ्यावरून हलली नाही. म्हणाली, तुम्ही तीन दिवसांत परत याल, कोंबड्यांना कोण बघणार? ते निघाले. मग रेघ पडली. पुढच्या वर्षी एका मदतसंस्थेमार्फत निरोप आला की म्हातारी वारली. कशी, कुठे, जवळ कुणी होतं का, काही नाही.

"आता तर वाट उघडलीय ना?" मी विचारलं. तीन वर्षांपूर्वी सीमेवरचे दरवाजे उघडले होते, हे मी वाचलं होतं.

"सगळे जाऊन आले. माझी बहीण जाऊन आली. अँड्रियास म्हणतो, माझ्याच गावात शिरायला मी त्या शिपायाला ओळखपत्र दाखवणार नाही." तिने एक पान उलटं केलं, शीर खुडली. "तो जात नाही म्हणून मीही जात नाही."

मी हे सगळं आईंना सांगितलं. त्यांनी घर कसं होतं ते विचारायला लावलं. मारूलाने हातांनी हवेत घर उभं केलं: चर्चच्या खाली, दोन तोट्यांच्या कारंज्याजवळ, अंगणात मातीची भट्टी, भट्टीशेजारी संत्र्याचं झाड. संत्रं म्हटल्यावर आईंनी कान टवकारले. मी नुसती ऐकत होते. पुढे काय होणार आहे हे मला तेव्हा कळलं असतं, तर मी आईंना ते कारंजं सांगितलंच नसतं.

निकोसिया

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने राजधानी बघायला निघालो. मारूलाने वाटेत खायला पानांच्या सुरळ्यांनी भरलेलं झाकणाचं पातेलं दिलं. निकोसियाच्या उत्तरेला एक डोंगर दिसतो, हाताची मूठ अर्धवट उघडावी तशी शिखरं असलेला. ग्रीक लोक त्याला पाच बोटांचा डोंगर म्हणतात. तुर्की लोकही आपल्या भाषेत पाच बोटांचाच डोंगर म्हणतात. नाव एकच ठेवून मग भांडायला बसलेली माणसं.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला खरं तर तुटलेल्या बेटाचं अप्रूप नसावं, आमचंही बेट दोन तुकड्यांचंच. पण तिथली सीमा दिसतच नाही. डब्लिनहून उत्तरेला गाडी हाकत राहिलं की एका वळणानंतर पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात, झालं. चौकी नाही, शिपाई नाही. फक्त आमच्या भारतीय पासपोर्टला पलीकडचा, म्हणजे ब्रिटनचा, वेगळा व्हिसा लागतो आणि तो नसला की ते मैल बेकायदेशीर. एकदा सीमेजवळच्या डंडॉक गावाच्या पुढे मिलिंदचा वळायचा फाटा चुकला. मैलांची पाटी दिसल्यावर जवळच्या गोल चौकातून गाडी वळवून परत येईपर्यंत आम्ही दोघं कुजबुजत बोलत होतो, बंद गाडीत.

इथे उलट. वाळूची पोती, काटेरी तारा, गोळ्यांनी चाळण झालेलं जुनं आलिशान हॉटेल, त्यात राहणारे संयुक्त राष्ट्रांचे निळ्या टोपीचे सैनिक, आणि मधल्या ओसाड रस्त्यावरून आमच्यासारख्या दोघी पिशव्या घेऊन चालताहेत. पलीकडच्या खिडकीतल्या माणसाने आमचे पासपोर्ट उलटसुलट केले, एका सुट्या चिठ्ठीवर शिक्का मारला आणि जा म्हणाला. मोर्शीच्या बाईला वाट मोकळी. जिचं सासर तिथे, ती मात्र लार्नाकात पानं वळत बसलेली. मला ते फार लागलं.

माझा बेत उत्तर निकोसियातली जुनी सराई बघून परत फिरायचा होता. आई टॅक्सीस्टँडपाशी थांबल्या.

"तिचं घर पाहून येऊ."

"आई, आपण कोण जाणार? तिने सांगितलंही नाही."

"सांगन कशी? नवऱ्याच्या शब्दाबाहेर जात नाही ते. आपन पाहुने. पाहुन्याले कोन अडवते?"

मी मिलिंदला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, ऐक ना, उगाच ॲडव्हेंचर नको. आईला काही झालं तर तिकडे आपला इन्शुरन्सही चालत नाही." मी ते आईंना सांगेपर्यंत त्या टॅक्सीत बसल्या होत्या.

पलीकडे

गावाचं नाव लिहीत नाही, कारण मारूलाने सांगितलेलं नाव पाटीवर नव्हतं आणि पाटीवरचं नाव तिला आवडणार नाही. टॅक्सीवाला म्हातारा होता, त्याला जुनं नाव ठाऊक होतं. चर्च होतं, दाराला कुलूप. कारंजं होतं, दोन तोट्यांपैकी एक चालू. त्याच्याखालचं निळ्या फाटकाचं घर आईंनीच ओळखलं, भिंतीवरून डोकावणाऱ्या झाडावरून.

फाटक वाजवल्यावर पन्नाशीची एक बाई आली. डोक्याला रुमाल, हाताला पीठ. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात आईंनी पुढे होऊन मारूलाचं पातेलं सरळ तिच्या हातात ठेवलं. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात. बाईने गोंधळून झाकण उचललं. मग माझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, "हे कुणी केलं?"

"मारूलाने," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

ती बाई, एमिने तिचं नाव, पातेलं धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अँड्रियासची मारूला?" आणि फाटक पूर्ण उघडलं.

अंगणात मातीची भट्टी होती, लिंपलेली, अजून काळी. झाड बघून आईंनी पान चुरगळून हुंगलं आणि मान हलवली. "वरचं कलम मेलं. हा खालचा खुंट फुटला." एमिने म्हणाली, बरोबर, गोड संत्रं एका दुष्काळात वाळून गेलं, मग मुळातून हे कडू संत्रं उगवलं, खाता येत नाही, पण सालीचा मुरांबा होतो. लंडनला मुलीकडे काही वर्षं राहिल्यामुळे तिचं इंग्रजी बरं होतं. तिने कॉफी केली, अगदी मारूला करते तशी, गाळ खाली बसणारी, आणि मारूलाच्या सुरळ्या बशीत काढून आमच्याबरोबर खाल्ल्या.

नंतर म्हणाली, "वाट उघडली तेव्हा या गावातल्या प्रत्येक घरी दक्षिणेतून माणसं आली. कुणी रडली, कुणी भांडली, कुणी कॉफी घेऊन गेली. मी अंगण झाडून ठेवायचे. केक करून ठेवायचे. माझ्याकडे कुणी आलंच नाही. तीन वर्षं झाली."

"तुम्हाला ते यायला हवे होते?"

"मला सांगायचंय ना त्यांना. म्हातारीचं."

एमिने पाफोसकडची, दक्षिणेतली. तिचं गाव तुर्कांचं, पण घरात सगळे ग्रीकच बोलायचे. तुर्की तिला इकडे आल्यावर नीट आलं. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात ती नवऱ्याबरोबर जीव मुठीत धरून उत्तरेला आली, नवी नवरी, आणि त्यांना या घराची किल्ली मिळाली. दार उघडलं तर मागच्या खोलीत पलंगावर एक म्हातारी बसलेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. म्हातारी म्हणाली, "दार लाव, गारठा येतोय." एमिनेने ग्रीकमध्ये "बरं" म्हटलं, तेव्हा तिने पहिल्यांदा नीट वर पाहिलं.

तो हिवाळा त्या एकत्र राहिल्या. म्हातारीला एमिनेचा पाव पसंत नव्हता. भट्टी कशी तापवायची, राख कशी ओढायची, रोज ओरडून शिकवायची. रोज संध्याकाळी एमिनेचा नवरा फाटकाची कडी लावायला निघाला की म्हातारी हटकायची. अँड्रियास येईल, म्हणायची. तो सावकाशच येणार, जन्मालाही उशिराच आला. बदामाला फुलं आली त्या दिवसांत ती गेली, झोपेत. गावात उरलेले दोन ग्रीक म्हातारे आणि एमिनेचा नवरा यांनी तिला चर्चच्या आवारात पुरलं. पाद्री नव्हता. लाकडी क्रॉस लावला होता, तो कुजला, मग एमिनेने दगड ठेवला. ती अजून तिथलं गवत काढते.

मी वाक्यावाक्याला थांबून आईंना सांगत होते. शेवटी आई उठल्या आणि त्यांनी एमिनेचे हात धरले. निघताना पातेलं परत आलं, धुतलेलं, तळाशी कडू संत्र्याच्या सालीच्या सुरळ्या पाकात मुरलेल्या. एमिनेकडेही रिकामं भांडं देत नाहीत. आम्हाला दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या दृष्टीने ती रीत होती. परतीच्या चौकीवर दक्षिणेच्या पोलिसाने पातेलं उघडायला लावलं, वास घेतला, "घरचा आहे?" म्हणाला आणि सोडलं.

पुन्हा लार्नाका

चूक कळली ती जेवणाच्या टेबलावर. आईंनी रोजच्यासारखं भांडं मारूलाच्या पुढे ठेवलं. ते आमच्या निकोसियाच्या खरेदीतलं असेल असं समजून अँड्रियासने एक सुरळी खाल्ली, मग दुसरी घेतली. "छान आहे. कुठून आणलं?"

खोटं सांगायला एक दुकान पुरलं असतं. पण त्याने आईंकडे बघून विचारलं होतं, आणि प्रश्न काय असेल ते त्यांना भाषेशिवायही कळलं. त्यांनी हात उत्तरेकडे केला. "तुमच्या घरून."

भाषांतर मलाच करावं लागलं. त्याने चमचा बशीत ठेवला, आवाज न करता, आणि उठून अंगणात गेला. मारूला तोंडावर ॲप्रन धरून बसली होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, त्या ओघात झालं, आमचं चुकलं. ती म्हणाली, "आमच्याकडेही देत नाहीत." मग हळूच विचारलं, "भट्टी आहे?" मी आहे म्हटलं. तिने बशीतली एक सुरळी अर्धी तोडून खाल्ली. उरलेली अर्धी हातातच राहिली.

वर आल्यावर मी आईंना म्हणाले, हे आपण करायला नको होतं. माणूस इतकी वर्षं ज्या तत्त्वाला धरून बसलाय ते आपण मुरांब्यासारखं त्याच्या ताटात वाढलं. आई साडीची घडी घालत होत्या. "तत्त्व नोहे ते," त्या म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारचं आमचं विमान होतं. सकाळी आम्ही बॅगा घेऊन खाली आलो तर अँड्रियास व्हरांड्यात बसला होता. दाढी केली नव्हती. त्याने खुर्च्या पुढे ओढल्या आणि मला म्हणाला, "ती बाई काय म्हणाली ते सांग. सगळं."

मी सगळं सांगितलं. गारठ्याचं, पावाचं, बदामाचं, दगडाचं. फाटकाच्या कडीचं सांगावं की नाही यावर अडखळले, पण सगळं म्हणाला होता. "तो सावकाशच येणार, जन्मालाही उशिराच आला," हे ऐकून तो हसला, खरंच हसला, आणि त्या हसण्यातच त्याचा चेहरा मोडला. आतून मारूला दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

मग तो म्हणाला, "लोकांना मी ओळखपत्राचं सांगतो. ते खरं नाही. मी तिला दोनदा विचारलं होतं, चल म्हणून. गाडी चालू होती, मुलं रडत होती. तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिला टाकून आलो. आता त्या फाटकातून कुठल्या तोंडाने जाऊ?"

आईंनी माझा दंड धरला. काय म्हणतो? मी सांगितलं. त्या त्याच्याकडे बघत बोलायला लागल्या, सावकाश, जणू त्याला मोर्शीची बोली समजत होती.

"सांग त्याले, मृनाल. मी बी येकटीच राहतो. माहा पोरगा दरसाल म्हनते, चाल माय, आता माह्यापाशीच राय. मी नाई म्हनतो. उद्या मी तिथं मेली तर लोक म्हनतीन, पोरानं मायले टाकलं. त्यानं नाई टाकलं मले. मीच आली नाई. माहं घर हाय ते." त्या थांबल्या. "याच्या मायनं बी घर नाई सोडलं. तिसऱ्यांदा इचारलं असतं तरी नाईच म्हनली असती. आन दहाव्यांदा बी. तिले कोनी टाकलं नाई, सांग त्याले. ती राहिली."

मला पहिल्या दोन वाक्यांनंतर भाषांतर जमेना. मिलिंद दरवर्षी आईंच्या परतीच्या विमानानंतर दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही, ते का, हे मला ठाऊक होतं. त्याचं उत्तर आईंकडे तयार आहे हे ठाऊक नव्हतं. त्याला मी अजून हे सांगितलेलं नाही. इथे वाचेल तेव्हा त्याला कळेल. मग मी शब्दाला शब्द लावून सगळं इंग्रजीत सांगितलं, आईंनी म्हटलं होतं तसंच, एकही शब्द न गाळता. मारूलाने दाराची चौकट धरली होती.

अँड्रियासने आईंकडे पाहिलं. त्या पदर सारखा करून नेहमीसारख्या बसल्या होत्या. तो उठला, खुर्ची भिंतीला लावली आणि मला विचारलं,

"ती बाई सकाळच्या वेळी घरी असते का?"